सुटे घुंगरू

१२ जून

प्रिय सूनबाई,

आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण मशीनवर बसलं की तेही गप्प होतात. तुमचं दोघांचं फोनवर कळतं. पण फोन आमच्या चिरंजीवांच्या हातात असतो आणि ‘ती पण बरी आहे’ एवढ्यावर तुझं सगळं आटोपतं. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

तुझा निरोप मिळाला. तुझ्या नाचाच्या बाई गेल्याचं कळलं होतं, फार वाईट वाटलं. त्यांच्या आठवणीसाठी जुन्या विद्यार्थिनी ऑक्टोबरात एकत्र नाचणार आणि तूही नाचणार, हे ऐकून मात्र मी हातातली कात्री खाली ठेवली. चार वर्षांनी गं! त्यासाठी तुला तुझे घुंगरू हवेत आणि ज्या दोरीत बाईंनी ते ओवून दिले होते ती जुनी दोरीही हवी, असं चिरंजीव म्हणाले. गाठी सोडल्या तरी दोरीवर त्यांचे वळ राहतात, त्याच जागी पुन्हा गाठी मारणार आहेस म्हणे.

घुंगरू आहेत. मी शिवलेल्या मखमली पट्ट्यांवर, तू कपाटात ठेवून गेलीस तसेच. पाठवते.

बाकी इकडची बातमी ऐक आणि हसू नकोस. तुमची वरची खोली मी भाड्याने दिली. कोणाला? नाच शिकवणाऱ्या बाईला. तुझंच ते कथक. तू वर पाय आपटायचीस आणि मी खालून झाडूच्या दांड्याने छताला ठोकायचे, त्याची ही शिक्षा असणार. आता तशा डझनभर मुली आहेत. दलालाने ‘संगीताच्या शिक्षिका आहेत, शांत बाई आहेत’ असं सांगून मला सरळ शेंडी लावली. मला वाटलं, पेटी वाजवत बसतील. पहिल्याच दिवशी छताचे पोपडे माझ्या कटिंगच्या टेबलावर.

तणतणत वर गेले. ही मास्तरीण तुझ्याच वयाची आहे, पण बोलते अशी, जणू मीच वर्गाला उशिरा आले. माझी सगळी बडबड ऐकून घेतली आणि म्हणाली, काकू, एक तास इथे बसा, मग म्हणाल तर खोली सोडते. म्हटलं, बसते की, मी काय घाबरते? हातशिलाईचं काम बरोबर घेतलं, फुकट वेळ कोण घालवणार. मुली ‘ता थै थै तत्’ करत होत्या आणि मी टाके घालत होते. तासानंतर तिने विचारलं, काय दिसलं? म्हटलं, पाय दिसले, आणखी काय दिसणार? तर म्हणे, उद्या पुन्हा या, आणि उद्या पायांकडे बघू नका.

आता तूच सांग, नाचात पायांकडे नाही तर कुठे बघायचं? पण मी पडले हट्टी. गेले. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. मग एकदा काय झालं, एक मुलगी घुमत घुमत येत होती, तिच्या चेहऱ्याकडे बघता बघता माझी सुई अर्ध्या टाक्यात थांबली. आता ती कुठेतरी पोचणार आहे एवढं मला कळलं, कुठे ते कळलं नाही. ती पोचली, आणि माझ्या तोंडून ‘हं’ असं निघालं. सगळ्या पोरी वळून बघायला लागल्या. मास्तरीण म्हणाली, ही सम, काकू. तुला मी काय सांगते आहे म्हणा, तू याच्यातच वाढलीस.

खोली तिच्याकडेच राहिली आहे, हे वेगळं सांगायला नको. दांडा मी कोपऱ्यात ठेवून दिला.

एक सांगायचं राहिलं. चार वर्षांपूर्वी तुझ्या त्या कार्यक्रमात तू मधेच नुसती उभी राहिली होतीस, आठवतं? विसरलीस बिचारी. मोठमोठ्यांचं होतं म्हणे तसं. ते मनाला लावून घेतलं असशील तर सोडून दे. ऑक्टोबरात सगळं नीट होईल.

जेवणखाण वेळेवर कर. पायांना तेल लावत जा.

तुझी
आई

३ ऑगस्ट

प्रिय सूनबाई,

आशीर्वाद. चिरंजीवांचा फोन आला होता. पार्सल अजून का आलं नाही आणि दोरी सापडली का, असं तू विचारते आहेस. शोधते आहे गं. माझा पसारा तुला माहीत आहे, माळ्यावर गाठोडी, पलंगाखाली पेट्या. दोरी मिळाली की दोन्ही एकदमच पाठवीन, म्हणजे दोनदा खटाटोप नको.

इकडे माझी शाळा जोरात आहे. मास्तरणीने मला ताल द्यायला बसवलंय. मुलींना ठेका हवा असतो, तबलजी रोज येत नाही, आणि मी रिकामी बसलेली तिला बघवत नाही. टाळी, टाळी, मग हात उघडा, मग पुन्हा टाळी. तो उघडा हात माझ्या जिवावर उठला होता. त्याला खाली म्हणतात, तिथे टाळी द्यायची नाही, नुसता हात वळवायचा. माझा हात आपला दर वेळी फाडकन टाळी देतो. पोरी खुदुखुदु हसतात. मी मास्तरणीला म्हटलं, जिथे काही वाजतच नाही ती जागा मोजायची कशाला? ती म्हणाली, काकू, तुम्ही ब्लाउज शिवताना गळा कापता ना, कापलेल्या कापडाचं काय मोल? तरी गळ्यावरूनच ब्लाउज कळतो. बाई चलाख आहे. माझ्याच धंद्यातलं बोलून मला गप्प केलं.

हल्ली मशीनचा पाय मारतानासुद्धा मोजते. परवा खाली मोजण्याच्या नादात एका गिऱ्हाईक बाईच्या ब्लाउजला बाह्या उलट्या लावल्या. ती आजवर माझ्याकडे बिनतक्रार येत होती, या वेळी तिने चांगलंच सुनावलं, आणि मी निमूट ऐकून घेतलं. तू असतीस तर पदराआड हसली असतीस.

तुला आठवतं का, मी छताला दांडा ठोकायचे तेव्हा तू वर एकदम थांबायचीस? मला वाटायचं, चला, वचक आहे. आता डोळे मिटून आठवून बघते, तर तू थांबायचीस ते दर वेळी एका ठरलेल्या बोलानंतर. माझ्या दांड्याला समेवर घ्यायचीस की काय गं? मी वैतागून ठोकायचे आणि तू वर हसत असायचीस. आधी राग आला, मग दिवसभर मीच हसत होते.

गेल्या आठवड्यात मास्तरीण मला एका मोठ्या नर्तकीचा कार्यक्रम बघायला घेऊन गेली. मी पोलकं नवं घातलं होतं. पहिला अर्धा तास सोपा गेला, कुठे सम येते ते मला तिच्या खांद्यांवरून कळत होतं. शेजारच्या गृहस्थांच्या आधी माझी मान हलली, ते वळून बघायला लागले. मला गुदगुल्या झाल्या.

मग ती बाई थांबली. तबला थांबला. पेटीवाल्याचा एक सूर तेवढा मागे बारीक सुरू होता. ती सरळ उभी, हात छातीपाशी, चेहरा शांत. मी मनात म्हटलं, ही पण विसरली. आणि तेवढ्यात एक घुंगरू वाजला. शंभरातला एक. मग दोन. मग पुन्हा एकच. पाय हललेला दिसत नव्हता, मी डोळे फाडून बघत होते. एवढा मोठा हॉल, माणूस खोकत नव्हता. त्या एका घुंगरासाठी सगळे जीव कानात आणून बसले होते. मास्तरीण माझ्या कानाशी लागून म्हणाली, हे सगळ्यात अवघड, काकू, याला आयुष्य जातं.

पुढचा कार्यक्रम मला धड दिसला नाही. येताना मास्तरीण बोलत होती, मी हूं हूं करत होते.

मला एवढंच कळव. त्या दिवशी तू मधेच उभी राहिलीस, तेव्हा तू नाचत होतीस का?

इथे उकाडा आहे. पंख्याने कटिंगचे कागद उडतात म्हणून पंखा लावता येत नाही.

तुझी
आई

२१ सप्टेंबर

प्रिय सूनबाई,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही, तरी लिहिते.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, दोन ओळी. ‘हो आई, नाचत होते. दोरी मिळाली का?’ कागद मशीनवर ठेवला आहे. महिना झाला, दर दिवशी त्याच्यावरून कापड सरकवते आणि उत्तर उद्यावर ढकलते. आता तुझा कार्यक्रम तोंडावर आला.

दोरी नाही. मी शोधत वगैरे काही नव्हते. ती कपाटात कधी नव्हतीच.

आता पहिल्यापासून सांगते. तुझ्या त्या जुन्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तू तालीम करून आलीस आणि तशीच पलंगावर आडवी झालीस. तुझ्या घोट्यांवर दोरीचे लाल वळ उठले होते. मी तुझा नाच कधी धड बघितला नव्हता, पण ते वळ मला दिसले. दुसऱ्या दिवशी तू कामावर गेलीस आणि मी दुकान बंद ठेवलं. बसून दाभणाने एकेक गाठ सोडवली. सोडवतानाही स्वतःवर खूश, काय पण चिकाटी आपली. मग उरलेली लाल मखमल काढली, आत जाड स्पंज घातला, दुहेरी शिलाई मारली, मागे बांधायला वेल्क्रोची चिकटपट्टी. प्रत्येक घुंगरू टाक्याटाक्याने पक्का बसवला. मला तुझी माया आली होती गं, तेही खरं आहे. आणि तू आल्यावर तोंड भरून कौतुक करशील अशी आशा होती, तेही खरं.

तू आलीस, पट्ट्या हातात घेतल्यास, उलटून बघितल्यास. मग म्हणालीस, छान झालंय, आई. आणि लगेच, दोरी कुठे आहे?

तोवर ती दोरी गेली होती. त्याच संध्याकाळी हॉस्पिटलचा माणूस पडद्यांचा गठ्ठा न्यायला आला, सुतळी संपली होती, टेबलावर ती लोळत होती, दिली बांधून. तुला तसंच सांगायला हवं होतं. पण तुझा चेहरा बघितला आणि तोंडातून निघून गेलं, ठेवली आहे कपाटात. सकाळी हॉस्पिटलात फोन केला असता तर कदाचित मिळालीही असती. मी केला नाही. मला राग आला होता. दिवसभर मान मोडून शिवलं, आणि हिला त्या कळकट दोरीची पडली आहे.

नंतर तू विचारलं नाहीस. मीही मूग गिळून बसले.

कार्यक्रमाला तू माझ्याच पट्ट्या बांधल्यास. मी पहिल्या रांगेत. शेजारणीला कोपराने ढोसून सांगत होते, पायातलं माझ्या हातचं आहे हं. आणि तू थांबलीस, तबला थांबला, सगळीकडे चिडीचूप. तू सरळ उभी होतीस, हात छातीपाशी, आणि काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, विसरली वाटतं. हळू बोलायची मला सवय नाही, तुला ठाऊक आहे. मागचे दोघेतिघे हसले. तुझी पापणी हलली होती, तेव्हा मला वाटलं दिव्याने हलली.

त्यावर घरी येऊन काय बोलले, ते माझ्यापेक्षा तुझ्या जास्त लक्षात असेल. ‘एवढे घुंगरू बांधून आवाज येत नसेल तर काय उपयोग? जरा जोरात पाय आपटायचे.’ तू म्हणालीस, हो आई. घुंगरू कपाटात ठेवलेस. त्यानंतर वर पाय वाजला नाही. दोन महिन्यांनी तुम्ही गाव सोडलंत आणि पट्ट्या इथेच ठेवून गेलात, त्याचाही मला रागच आला होता. मी दिलेलं हिला नको आहे, म्हटलं.

त्या मोठ्या नर्तकीच्या कार्यक्रमानंतर मला राहवेना. सकाळी पट्टी घेऊन वर गेले. मास्तरणीला सांगितलं, ही बांध आणि ते एका घुंगराचं करून दाखव. तिने पट्टी हलवली, कानाशी नेली, मग पायाला बांधली. उभी राहिली. तिच्या पोटरीची शीर हलताना मला दिसत होती. आवाज आला नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. मग तिने जोरात पाय मारला तेव्हा कुठे पोत्यात नाणी हलल्यासारखं काहीतरी वाजलं. तिने विचारलं, हे कोणाचं? मी सांगितलं. म्हणाली, हे बांधून तिने कार्यक्रम केला? म्हटलं, हो.

ती खाली बसून पट्टी सोडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “काकू, तिला हे तालमीच्या पहिल्या पावलालाच कळलं असणार.”

म्हणजे तुला आधीच माहीत होतं. ऐकू येणार नाही हे माहीत असून तू ते बांधलंस, आणि ती अवघड जागाही गाळली नाहीस. का, तर मी पहिल्या रांगेत बसणार होते. तुझ्या बाई तिथेच पडद्याआड उभ्या होत्या. त्यांना काय वाटलं असेल, त्यांनी तुला काय विचारलं असेल, आणि तू माझं नाव सांगितलंस की तेही नाही? आता त्यांना विचारायची सोय राहिली नाही.

सूनबाई, ब्लाउजांइतकेच मी जन्मभर पडदेही शिवलेत गं. गिऱ्हाइकाला आजवर कितीदा सांगितलं असेल, रस्त्याचा आवाज नको असेल तर मखमल लावा, मखमल आवाज पिते. माझ्याच तोंडचं वाक्य. आणि तुझ्या पायाला मी तीच गुंडाळली, वर स्पंज घालून.

मास्तरणीकडून मी घुंगराची गाठ शिकून घेतली. बटणं ओवून सराव केला. माझी गाठ तिच्या मुलींपेक्षा चांगली बसते, असं तीच म्हणाली. माझे हात शिवशिवायला लागले. नवी दोरी आणावी, सगळे घुंगरू ओवावेत, तुला तयार पाठवावेत, म्हणजे भरपाई झाली. दोरी आणलीसुद्धा. मग मास्तरणीला विचारलं, दोन गाठींत अंतर किती सोडायचं? ती म्हणाली, ते प्रत्येकीच्या पायावर असतं, गुरू पाय हातात घेऊन ठरवते. तुझ्या बाईंनीही तसंच ठरवलं असणार. ते माप त्या दोरीवर होतं. जन्मभर मी लोकांची मापं घेतली, कधी कोणाचा कागद हरवला नाही, आणि तुझं माप पडद्यांच्या गठ्ठ्याला बांधून दिलं.

माफ कर म्हणायचं धाडस नाही. माफ केलं नाहीस तरी का, ते मला समजेल.

घुंगरू सुटे पाठवते आहे. पट्ट्या उसवल्या. माझी शिलाई पक्की, उसवताना बोटं सोलवटली, बरं वाटलं. एकेक घुंगरू पुसून घेतला, स्पंजाचा कण राहू दिला नाही. नवी दोरी बरोबर ठेवलेली नाही, ती तुझ्या हाताने आण. एकही गाठ मी मारलेली नाही. पिशवी साधी सुती आहे, आतून अस्तर लावलं नाही. हलवून बघ, वाजतात.

कार्यक्रमाला मला बोलावू नकोस असं लिहिणार होते, पण आता खोटं पुरे. मला यायचं आहे. बोलावलंस तर शेवटच्या रांगेत बसेन आणि तोंड उघडणार नाही. नाही बोलावलंस तर त्या संध्याकाळी वरच्या खोलीत बसून हाताने ताल देईन. खाली कुठे येते, ते आता मला चुकत नाही.

पहिल्या रांगेत बसून काहीच न ऐकलेली,
तुझी सासू